वाचकांचे प्रश्न : देवाने आधीच ठरवलं असेल, तर माझं काय?

रोमकरांस पत्राच्या ८ ते ११ या अध्यायांवर मागच्या अंकात लेख छापला आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांचा विषय एकच : तारणासाठी माणसं आधीच निवडलेली असतील, तर आमच्या हातात उरलं काय? सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत. वाचताना पवित्र शास्त्र शेजारी उघडून ठेवावं, नुसत्या उत्तरांवर विसंबू नये.

प्रश्न : रोम ८:२९-३० वाचल्यापासून एकच विचार डोक्यात फिरतोय. मी निवडलेल्यांत आहे की नाही, हे मला कसं कळणार? नसेन, तर माझी प्रार्थना, उपासना, सगळंच फुकट. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणतात, विश्वास ठेवा. पण विश्वाससुद्धा देवानेच द्यायचा असेल तर मी तो ठेवू कसा?

उत्तर : निवडलेल्यांच्या नावांची यादी आपल्या हाती दिलेली नाही आणि ती बघण्याचा मार्गही शास्त्रात सांगितलेला नाही. तेव्हा ‘माझं नाव त्यात आहे का?’ याला कोणी छातीठोक उत्तर देऊ लागला तर सावध राहा, उत्तर ‘हो’ असलं तरी. अनुवाद २९:२९ मध्ये वाटणी करून दिली आहे : गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या आपल्या.

आता योहान ६:३७ काढा. एकाच वचनात दोन विधानं आहेत. पिता ज्यांना येशूच्या हाती देतो ते सगळे त्याच्याकडे येतील, हे पहिलं. जो त्याच्याकडे येईल त्याला तो मुळीच घालवून देणार नाही, हे दुसरं. पहिल्याची चौकशी तुम्हाला करता येत नाही. दुसरं थेट तुमच्यासाठी आहे आणि त्याला ‘निवडलेला असेल तरच’ अशी अट जोडलेली नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं की पहिल्याची खात्री पटल्याशिवाय दुसऱ्यावर भरवसा टाकायला तुम्ही तयार नाही. घोडं पेंड खातं ते इथेच.

पौलाने हा विषय कुणाला आणि कुठे सांगितला, तेही बघा. रोमकरांस पत्रात आधी पाप येतं, मग ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरणं, मग बाप्तिस्मा, नवं जीवन, पवित्र आत्मा. हे सगळं झाल्यावर, सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना धीर देताना आठव्या अध्यायात ती पाच कड्यांची साखळी येते : पूर्वीपासून जाणलं, नेमलं, बोलावलं, नीतिमान ठरवलं, गौरव केला. लगेच पुढे क्लेश, उपासमार, तलवार यांची नावं आहेत आणि यातलं काहीच ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही, असं आश्वासन आहे. इफिस १ तर सरळ स्तुतिगीताच्या थाटात आहे. तिथे निवड ‘ख्रिस्ताच्या ठायी’ आहे आणि तेराव्या वचनात वाचकांना आठवण दिली आहे की तुम्ही ऐकलंत, विश्वास ठेवलात आणि तुमच्यावर शिक्का झाला. थोडक्यात, आधीच विश्वास ठेवलेल्यांनी मागे वळून बघावं म्हणून हे लिहिलं आहे. विश्वास ठेवण्यापूर्वी उत्तीर्ण व्हायची परीक्षा म्हणून पौलाने ते कुठेही मांडलेलं नाही.

ज्याच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो त्या कॅल्व्हिननेही (सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक) हा क्रम पाळला. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत निवडीवरचे चार अध्याय तिसऱ्या भागात, विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणं आणि प्रार्थना यांच्या नंतर येतात. आपली निवड स्वतःत शोधू नये, ख्रिस्त हाच आरसा आहे, असंही तो तिथे बजावतो. लूथरच्या मनाला हीच शंका कुरतडत होती, तेव्हा त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्झ याने त्याला तर्कवितर्क सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगितलं होतं.

विश्वास देवाने द्यायचा तर मी ठेवू कसा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. रोम १०:१७ म्हणतं की विश्वास ऐकण्याने होतो. देणारा देव, पण देणं साधनांतून : वचन, प्रार्थना, प्रभुभोजन, मंडळीची संगत. मार्क ९:२४ मधल्या बापाने ‘विश्वास ठेवतो’ आणि ‘माझा अविश्वास घालव’ हे एका दमात म्हटलं. येशूने त्याला विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं.

करायचं काय, ते असं. चार-पाच आठवडे रोम ९ बाजूला ठेवा. मार्कचे १६ अध्याय आहेत, रोज अर्धा वाचलात तर महिन्याभरात संपतील. वाचून झाल्यावर त्याच बापाची प्रार्थना करा, दोन वाक्यांची, एकदाच. उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नका. आणि ‘आज विश्वास वाढला का’ हे दर तासाला ताप मोजल्यासारखं तपासू नका. बिघाड बहुधा इथेच होतो, कारण तपासणाऱ्याचं लक्ष ख्रिस्तावरून उडून स्वतःच्या मनावर खिळतं आणि मन तर दिवसातून दहादा पालटतं.

खात्री वाटत नाही म्हणजे निवड नाही, असा हिशेब कडव्या कॅल्व्हिनवाद्यांनीही केलेला नाही. वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाचा (१६४६) अठरावा अध्याय सांगतो की खरा विश्वासणारासुद्धा खात्रीसाठी दीर्घकाळ थांबू शकतो आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. डॉर्टच्या सभेने (कॅल्व्हिनवाद्यांची हॉलंडमधली सभा, १६१८-१९) आपल्या निर्णयाच्या पहिल्या प्रकरणाच्या सोळाव्या कलमात तुमच्यासारख्यांचाच विचार केला : ज्यांना जिवंत विश्वास अजून नीट जाणवत नाही पण जे साधनं वापरत आहेत, त्यांनी स्वतःला टाकून दिलेल्यांत मोजू नये.

‘इतकी काळजी वाटते यातच निवड सिद्ध होते’ असं काहीजण धीर द्यायला म्हणतात. त्यात तथ्य आहे, तरी आम्ही ते पुरावा म्हणून देणार नाही. काळजीलाच पुरावा मानलं की काळजी ओसरल्यावर धडकी भरते.

प्रश्न : मी काय करणार हे देवाला आधीच माहीत आहे. मग माझं स्वातंत्र्य नावापुरतंच ना?

उत्तर : माहीत असणं आणि करायला लावणं या दोन गोष्टी आहेत. सहाव्या शतकात बोएथियस या तत्त्वज्ञाने याचं असं उत्तर दिलं : देव काळाच्या बाहेर आहे, त्याला आपलं ‘उद्या’ही समोर दिसतं, आणि समोर दिसणाऱ्या कृतीवर बघणाऱ्याची सक्ती नसते. हे उत्तर ज्ञानापुरतं चालतं. पण इफिस १:११ मध्ये देव सगळं आपल्या संकल्पाप्रमाणे चालवतो असं आहे, म्हणजे तिथे नुसतं बघणं नाही, ठरवणंही आहे. म्हणून पूर्वज्ञान म्हटलं की प्रश्न मिटला, असं मानू नका. ऑर्थोडॉक्स मंडळ्या पूर्वज्ञानावर भर देतात, कॅल्व्हिनवादी संकल्पावर. मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १५८८ मध्ये तिसरी वाट मांडली : कोणत्या परिस्थितीत कोण स्वखुशीने काय करील हे देव जाणतो आणि त्यानुसार जग घडवतो. ही वाट हुशारीची आहे, पण शास्त्रातून ती सिद्ध करताना फार ओढाताण होते.

प्रश्न : याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष, तेही जन्मायच्या आधी. फारोचं मन देवानेच कठीण केलं आणि मग त्यालाच शिक्षा. हा अन्याय नाही तर काय? ‘तू कोण विचारणारा’ हे उत्तर मला पुरत नाही.

उत्तर : पौलालाही हा आक्षेप येणार हे ठाऊक होतं, म्हणून रोम ९:१४ आणि ९:१९ मध्ये तो त्याने स्वतःच लिहून ठेवला. त्यामुळे ‘पौलाला तसं म्हणायचंच नव्हतं’ अशी सोपी सुटका कुणी देत असेल तर ती घेऊ नका. तो काहीच धक्कादायक म्हणत नसता तर आक्षेप उठलाच नसता. पण तो नेमकं काय म्हणतो, हे त्याने दिलेले जुन्या करारातले दाखले उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

याकोब-एसावाचे दाखले दोन आहेत. पहिला उत्पत्ती २५:२३, जिथे रिबकेला सांगितलं आहे की तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत. दुसरा मलाखी १:२-३, जो या दोघांनंतर कित्येक शतकांनी लिहिला गेला आणि पुढच्याच वचनात अदोम राष्ट्राविषयी बोलतो. ‘द्वेष’ कसा घ्यायचा, यासाठी लूक १४:२६ बघा. तिथे शिष्याने आईबापाचा द्वेष करावा असं आहे आणि त्याचा अर्थ प्राधान्याचा आहे, वैराचा नाही. म्हणजे एसाव नावाच्या माणसाला जन्माआधी नरकात ढकलण्याचा हुकूम या वचनांत थेट लिहिलेला नाही. वचनाची वंशरेषा कुणातून पुढे जाणार, हा तिथला मुद्दा. मात्र इथेच थांबणंही प्रामाणिकपणाचं नाही. रोम ९ मधली १६ आणि १८ ही वचनं एकेका माणसाविषयी बोलतात, इच्छा करणाऱ्यावर किंवा धावणाऱ्यावर काही अवलंबून नाही असं म्हणतात, आणि कॅल्व्हिनवादी वाचनाचा खरा जोर तिथे आहे.

फारोसाठी निर्गमचे ४ ते १४ अध्याय पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक उल्लेखापुढे मन कुणी कठीण केलं ते लिहा. देव ४:२१ आणि ७:३ मध्ये आपण ते करणार असं आधीच सांगतो. पण प्रत्यक्ष पीडा सुरू झाल्यावर बेडकांनंतर (८:१५) आणि गोमाशांनंतर (८:३२) फारो स्वतः आपलं मन कठीण करतो. बाकीच्या ठिकाणी नुसतं ‘कठीण झालं’ एवढंच आहे. पीडांच्या काळात देवाने ते केलं असं पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेत, गळवांच्या वेळी (९:१२). गारांनंतर (९:३४) पुन्हा फारोचं स्वतःचं नाव येतं. दहाव्या अध्यायापासून मात्र देवाचंच. एका बाजूचे लोक फक्त ४:२१ वाचून दाखवतात, दुसऱ्या बाजूचे फक्त ८:१५. लिहिणाऱ्याने दोन्ही ठेवले आहेत आणि हा फारो कोणी निष्पाप माणूस नव्हता, इब्री बाळांना मारणाऱ्या गादीचा वारस होता.

रोम ९:२१ मधला कुंभाराचा दाखला वाचताना यिर्मया १८:१-१० सोडू नये. तिथे बिघडलेल्या मडक्याचंच कुंभार दुसरं भांडं करतो आणि राष्ट्र वळलं तर देवही ठरवलेलं अरिष्ट मागे घेतो. रोम ९:२२-२३ मधला एक फरकही नजरेतून सुटतो. दयेची पात्रं देवाने आधीच सिद्ध केली असं स्पष्ट आहे. क्रोधाची पात्रं नाशाला सिद्ध झालेली आहेत, पण ती कुणी सिद्ध केली ते पौल सांगत नाही, उलट देवाने त्यांना फार सहनशीलतेने वागवलं असं म्हणतो. ५२९ मध्ये ओरेंजच्या सभेने कृपा आधी, मग माणसाचा प्रतिसाद, हे ठामपणे मांडलं आणि त्याच दमात देवाने कुणाला दुष्टतेसाठी नेमलं आहे असं मानणाऱ्यांचा धिक्कारही केला. तारण झालं तर श्रेय सगळं देवाचं, नाश झाला तर दोष माणसाचा, आणि या दोन टोकांना बुद्धीने गाठ मारायची नाही, ही लूथरन मंडळ्यांची भूमिका. आमच्यातल्या बहुतेकांना ती पटते, जरी तर्काला ती चावते.

रोम ९ वाचून थांबू नका. ९ ते ११ मिळून ९० वचनं आहेत, मोठ्याने वाचली तरी पंधरा-वीस मिनिटं. ९ ची सुरुवात रडण्याने आहे : माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित झालो तरी चालेल, असं पौल म्हणतो. १०:१ मध्ये त्यांच्याच तारणासाठी तो प्रार्थना करतो. १०:१३ मध्ये जो कोणी प्रभूचं नाव घेईल त्याचं तारण. आणि ११:३२ मध्ये देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. निवडीवर इतकं कठोर लिहिणारा माणूस निवडीबाहेर दिसणाऱ्यांसाठी गुडघे टेकतो. हे जिथे थांबतं तिथे रोम ९ चुकीचं वाचलं गेलं, असं खुशाल समजा.

प्रश्न : सगळं ठरलेलंच आहे तर सुवार्ता सांगायची कशाला, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना तरी का करायची?

उत्तर : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. वादळात चौदा रात्री भरकटलेलं जहाज, वर २७६ माणसं. देवदूताने पौलाला सांगून ठेवलं होतं की एकाचाही जीव जाणार नाही (वचन २२ ते २४). शब्द पक्का. तरी खलाशी नाळेकडून नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी सोडू लागले तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (वचन ३१). शिपायांनी होडीचे दोर कापले. देवाने शेवट ठरवला होता, तसा तिथवर नेणारा रस्ताही ठरवला होता, आणि त्या रस्त्यात शिपायांच्या तलवारीही होत्या.

करिंथात (१८:९-११) प्रभूने सांगितलं, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. हे ऐकून पौल हात जोडून बसला नाही, दीड वर्ष तिथे राहून शिकवत राहिला. त्या ‘पुष्कळ लोकां’तल्या बहुतेकांनी तोवर सुवार्ता ऐकलीही नसणार. आजाऱ्यासाठीची प्रार्थनाही त्याच न्यायाने : ती देवाच्या बेतातला अडथळा नाही, बेताचाच भाग आहे.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात कॅल्व्हिन विरुद्ध आर्मिनियस असे दोन तट पडलेत. दोघं बोलेनासे झालेत. नेमका फरक काय आणि अभ्यास पुढे कसा न्यावा?

उत्तर : आर्मिनियस हा डच धर्मपंडित १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं : निवड विश्वासाच्या पूर्वज्ञानावर आहे, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला पण लाभ विश्वास ठेवणाऱ्यांना, कृपेवाचून माणूस काहीच चांगलं करू शकत नाही, कृपेला विरोध करता येतो, आणि विश्वासणारा शेवटी ढळू शकतो का यावर अजून अभ्यास हवा. डॉर्टच्या सभेने यांना मुद्देसूद उत्तर दिलं. ‘कॅल्व्हिनवादाचे पाच मुद्दे’ म्हणतात ते या उत्तरातून आले, कॅल्व्हिनने तशी यादी कधी केली नव्हती. त्या वादात डच राजकारणही पुरेपूर मिसळलं होतं. हरलेल्या पाळकांना पदं सोडावी लागली आणि त्यांची बाजू घेणारा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १६१९ मध्ये शिरच्छेद झाला.

तुमच्या गटात बहुधा दोन्हीकडून खोटी चित्रं रंगवली जात असतील. आर्मिनियसवाले स्वतःच्या बळावर तारण मिळवतात, हा आरोप त्यांचं तिसरं कलम वाचलं की गळून पडतो. डॉर्टवाले ख्रिस्ताचं मरण तोकडं मानतात, हाही तसाच. दुसऱ्या प्रकरणाचं तिसरं कलम म्हणतं की ते मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरणारं आहे, आणि पाचवं म्हणतं की सुवार्ता भेद न करता सगळ्यांना सांगावी. माणसाला दगडधोंड्यासारखं वागवलं जात नाही, असंही त्याच सभेने लिहून ठेवलं आहे. खरा मतभेद एका ठिकाणी उरतो : दोन माणसांनी तीच सुवार्ता ऐकली, एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने नाही, हा फरक शेवटी कुठून आला? डॉर्ट म्हणतं देवाच्या निवडीतून. आर्मिनियसचे अनुयायी म्हणतात, दोघांनाही पुरेशी कृपा मिळाली होती, एकाने ती झिडकारली.

अभ्यासासाठी सहा बैठका ठेवा, प्रत्येकी तास-दीड तास. पहिलीत रोम ९ ते ११ सलग मोठ्याने वाचा, चर्चा नको. दुसरीत वर सांगितलेले जुन्या करारातले दाखले. तिसरीत योहान ६ आणि इफिस १. चौथीत दुसऱ्या बाजूची वचनं : यहेज्केल १८:२३, मत्तय २३:३७, १ तीमथ्य २:४, २ पेत्र ३:९. पाचवीत प्रत्येक तटाने समोरच्या तटाचं म्हणणं मांडायचं, आणि समोरचे ‘हो, आम्ही हेच म्हणतो’ म्हणेपर्यंत पुन्हा मांडायचं. ही बैठक हमखास लांबते, तिला दोन आठवडे द्या. सहावीत फक्त प्रार्थना, नावं घेऊन. नवीन विश्वासणारे पाचवीला नसलेले बरे.

व्हाइटफील्ड (कॅल्व्हिनच्या बाजूचा) आणि जॉन वेस्ली (आर्मिनियसच्या बाजूचा) हे इंग्रज उपदेशक याच प्रश्नावरून १७३९-४० मध्ये जाहीरपणे भांडले. दोघांचे रस्ते वेगळे झाले, पण १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लीनेच केला.

प्रश्न : कॅथलिक पूर्वनियोजन (देवाने आधीच निवडणं) मानतात का?

उत्तर : मानतात. नरकासाठी देव कुणालाही नेमत नाही, हे मात्र ठाम. त्यांच्या ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली : खास प्रकटीकरण झालेलं नसेल तर मी नक्की निवडलेल्यांत आहे असं कुणी गृहीत धरू नये. कृपा आणि इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे दोन संघ इतके भांडले की रोममध्ये त्यासाठी मंडळ बसवावं लागलं. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच ते बंद केलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, असं दोघांना बजावलं.

प्रश्न : आमचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. ते निवडलेल्यांत होतं का?

उत्तर : तुमच्या दुःखात आम्ही आहोत. निवडीवर सर्वांत कडक समजली जाणारी डॉर्टची सभाही इथे मृदू आहे : लहानपणीच देवाने बोलावून घेतलेल्या मुलांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी भक्तिमान आईबापांनी शंका धरू नये (प्रकरण १, कलम १७). कॅथलिक शिकवण अशा बाळांना देवाच्या दयेच्या हाती सोपवते. २००७ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. २ शमुवेल १२:२३ मध्ये दावीद आपल्या गेलेल्या बाळाविषयी म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन. बाप्तिस्म्याला उशीर झाला म्हणून तुम्हाला कुणी दोष देत असेल तर त्याचं ऐकू नका. अंत्यविधीची किंवा स्मरणाची प्रार्थना राहून गेली असेल तर पाळकांना किंवा धर्मगुरूंना सांगा, ती आजही करता येते.

प्रश्न : काही वर्षं मी विश्वास सोडला होता, उघडपणे नाकारलाही. आता परत आलोय. पण इब्री ६:४-६ म्हणतं, अशांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. माझा दरवाजा बंद झाला का?

उत्तर : तेच वचन पुन्हा वाचा. अशक्य म्हटलं आहे ते पश्चात्तापाकडे आणणं. तुम्ही पश्चात्ताप केला आहे, म्हणजे ते वर्णन तुम्हाला लागू पडत नाही. पश्चात्तापाने आलेल्याला देव हाकलतो, असं तिथे नाहीच. पत्र आहे छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडण्याच्या बेतात असलेल्यांसाठी, आणि नवव्या वचनात लेखक त्यांना लगेच म्हणतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे.

ढळणारे खरे विश्वासणारे असतात का, यावर मंडळ्यांत एकमत नाही. वेस्लीचे अनुयायी आणि कॅथलिक म्हणतात, असू शकतात. कॅल्व्हिनवादी १ योहान २:१९ दाखवून म्हणतात, कायमचे गेले ते मुळात आपले नव्हते, आणि अशा इशाऱ्यांनीच देव आपल्यांना धरून ठेवतो. तुमच्यापुरता दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो : परत या, आणि राहा. पेत्राने तीनदा नाकारलं आणि योहान २१ मध्ये मेंढरं त्याच्याच हाती दिली गेली.

अक्षम्य पापाचीही धास्ती असेल तर मार्क ३:३० बघा. येशू ते कशावरून बोलला हे तिथे दिलं आहे : पवित्र आत्म्याचं उघड दिसणारं काम त्यांनी अशुद्ध आत्म्याचं ठरवलं. क्षमेसाठी तळमळणारा माणूस त्या जागी उभा नाही.

व्यवहारातलं सांगायचं तर पाळकांना एकदा भेटून सगळं सांगा, कॅथलिक असाल तर पापांगीकार करा. पुन्हा बाप्तिस्मा घ्यायची घाई करू नका. बहुतेक ऐतिहासिक मंडळ्यांत तो एकदाच दिला जातो आणि सोडून गेल्याने रद्द होत नाही.

प्रश्न : आमचा १९ वर्षांचा मुलगा दिवसभर पापांगीकाराची तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करतो. शब्द चुकला तर पहिल्यापासून. मी टाकून दिलेला तर नाही ना, हे आम्हाला रात्री-अपरात्री विचारतो. आम्ही समजावतो, दहा मिनिटं बरं वाटतं, परत तेच. त्याला कोणती वचनं द्यावीत?

उत्तर : नवीन वचनं देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं धार्मिक स्वरूपाच्या मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची, असू शकतात. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील, त्यांची भेट लवकर ठरवा. यात विश्वासाचा कमीपणा नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मनरेसा इथे असाच अडकला होता : केलेला पापांगीकार अपुरा वाटे, पुन्हा करावासा वाटे, जीव द्यावा असंही मनात येई. पुढे त्याने अशा शंकेखोर विवेकाविषयी सूचनाच लिहून ठेवल्या.

हे चक्र चालतं कसं? शंका आली की घबराट होते, प्रार्थना किंवा तुमचं ‘नाही रे बाळा’ ऐकून ती उतरते, आणि मेंदू शिकतो की शंका आली की हेच करायचं. म्हणून प्रत्येक समजावणीने पुढची शंका बळावते. यावरच्या उपचारात शंका तशीच राहू देऊन ती कृती न करण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करून घेतात. गरज पडल्यास डॉक्टर औषधंही देतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मधेच बंद करू नयेत.

घरात सगळ्यांनी एकच ठरलेलं वाक्य वापरावं, उदाहरणार्थ, ‘हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, त्याचं उत्तर आपण देत नाही, चल, जेवायला बस.’ रागाने नको, साध्या आवाजात. पहिले काही दिवस त्याचे प्रश्न वाढतील, तेव्हा घरातला एकजण जरी विरघळला तरी सगळं पहिल्यापासून. सल्लागार एकच असावा, पाळक किंवा धर्मगुरू, आणि त्यांचं डॉक्टरांशी बोलणं व्हावं. पापांगीकाराची प्रार्थना दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, छापील मजकुरातून. शब्द अडखळला तरी पुढे वाचायचं. रोम ९ आणि इब्री ६ वरचे व्हिडिओ त्याने सध्या बघू नयेत.

पाळकांना आधीच सांगून ठेवा की त्याला ‘तू नक्की निवडलेला आहेस’ असंही वारंवार सांगायचं नाही. चांगल्या मनाने दिलेलं ते आश्वासन त्याच्यासाठी नवी प्रार्थना होऊन बसतं. आणि जगण्यात अर्थ नाही, मरून एकदाचा निकाल लावावा, असं काही तो बोलला तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.